रजईची चौकट

रजई तीन थरांची असते: वर कापड, मध्ये कापूस, खाली अस्तर. टाके घालताना थर सरकले की चुण्या पडतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील घरांत यासाठी चार लाकडी पट्ट्यांची चौकट वापरीत. कोपरे खुंट्यांनी वा शिकंज्यांनी जखडीत, पट्ट्या खुर्च्यांच्या पाठींवर टेकवीत. कडेचे टाके पुरे झाले की तेवढा भाग पट्टीवर गुंडाळीत. शिकंजे सरकवले की चौकट लहानमोठी होई. सोडले की पट्ट्या भिंतीशी उभ्या राहत.

खरी अडचण जागेची होती. ताणलेली रजई खोली व्यापून टाकी. म्हणून काही घरांत चौकट दोरांनी आढ्याला टांगीत आणि काम नसताना वर ओढून घेत. खाली आली की शेजारणी चहूबाजूंनी बसून एकच रजई शिवीत.

आमच्या गोधडीला चौकट लागली नाही. जुन्या लुगड्यांचे थर जमिनीवर अंथरून, कच्चे टाके घालून, वर धावदोरा घालीत. हल्याळ-यल्लापूरकडील सिद्दी स्त्रिया तर कवंदी कडेकडून मध्याकडे शिवत नेतात. टाक्यांची प्रत्येक ओळ पुढच्या ओळीसाठी थर धरून ठेवते. चौकटीचे काम येथे जमीन आणि हात करतात.

मात्र हातांची नोंद कोणी ठेवीत नाही. ज्यांच्या पेटीत आजीची गोधडी आहे, त्यांनी ती एकदा उलटून पाहावी. टाक्यांची लांबी मध्येच बदललेली दिसली, तर तेथे बहुधा दुसरी कोणी शिवायला बसली होती. तिचे नाव सांगू शकणारे घरात अजून असतील, तर ते आजच विचारून ठेवावे.