कवटीचा तळ आणि शिष्यत्वाचीं वर्षें

गेल्या दिवाळींत चिंचवड येथील एका स्नेह्यांकडे फराळास जाण्याचा योग आला. हे गृहस्थ आकुर्डीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्यें तीस-बत्तीस वर्षें काम करून निवृत्त झालेले. त्यांचे चिरंजीव एम्. बी. बी. एस्., मग एम्. एस्. आणि मग मेंदूच्या शस्त्रक्रियेंतील एम्. सीएच्. अशा तीन पायऱ्या चढून नुकतेच मोकळे झाले होते. आणि आतां कवटीच्या तळावरील शस्त्रक्रियेचें विशेष शिक्षण घेण्यासाठीं एका मोठ्या अध्यापन-रुग्णालयांत आणखी दीड वर्ष 'फेलो' म्हणून राहण्याचा बेत त्यांनीं घरांत जाहीर केला होता. चकल्यांची बशी पुढें सरकवीत आमचे स्नेही म्हणाले, "सर, साडेपांच, तीन आणि तीन मिळून साडेअकरा वर्षें झालीं. ह्याच्या बरोबरीच्यांचीं मुलें शाळेंत जाऊं लागलीं आणि हा अजून विद्यार्थीच! एवढें शिकून जें आलें नाहीं, तें दीड वर्षांत काय येणार?" चिरंजीव मान खालीं घालून हसले. आम्हीं कांहींतरी बोलून वेळ मारून नेली. परंतु तो प्रश्न मनांतून जाईना. इतिहास शिकविणें हा आमचा व्यवसाय. तेव्हां उत्तरही इतिहासांतच शोधावेंसें वाटलें.

प्रथम कवटीचा तळ म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. मेंदू ज्या हाडाच्या बैठकीवर टेकलेला असतो, ती ही बैठक. डोक्याचा वरचा घुमट बराचसा सपाट व गुळगुळीत असतो. तळ मात्र खांचखळग्यांचा आणि भोंकांचा. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या रोहिण्या ह्या भोंकांतून वर चढतात; दृष्टि, श्रवण, चेहऱ्याची हालचाल, गिळणें ह्यांचे मज्जातंतु येथूनच बाहेर पडतात; आणि मज्जारज्जु येथूनच पाठीच्या कण्यांत उतरतो. तळाच्या मध्यभागीं, नाकाच्या मागें, हाडाच्या एका लहानशा खोबणींत वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथि बसलेली असते. अशा जागीं गांठ झाली, तर मेंदू हलकेच उचलून वरून जावें, नाकांतून खालून जावें, कीं कानामागचें हाड कोरून बाजूनें जावें, हा पहिला प्रश्न. कोणत्याही वाटेनें गेलें तरी केसाएवढ्या चुकीनें डोळा जातो, तोंड वांकडें होतें, किंवा प्राणावर बेततें. घुमटाला भोंक पाडण्याची क्रिया फार प्राचीन आहे. तळाशीं हात घालण्याचें धैर्य मात्र गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतलें.

तथापि आम्ही ह्या कथेचा आरंभ पुण्यापासून, आणि तोही नाकापासून करणार आहों. वाचकांनीं थोडा धीर धरावा. नाकाचें आणि कवटीच्या तळाचें नातें पुढें आपोआप उघड होईल.

इ. स. १७९२ च्या टिपूवरील स्वारींत कावसजी नांवाचा, इंग्रजी फौजेंत बैल हांकणारा एक मनुष्य शत्रूच्या हातीं सांपडला. टिपूच्या लोकांनीं त्याचें नाक कापलें व एक हात तोडला. वर्षभर तो तसाच राहिला. पुढें पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीच्या एका माणसानें त्याला नवें नाक करून दिलें. टॉमस क्रुसो व जेम्स फिंडले ह्या दोन इंग्रज डॉक्टरांनीं ही क्रिया समक्ष पाहिली, जेम्स वेल्स ह्या चित्रकारानें कावसजीचें चित्र काढलें, आणि १७९४ च्या ऑक्टोबरांत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' मासिकांत ती हकीकत छापून आली. तींत कृति दिली आहे ती अशी: मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या बेतानें करावयाचा, तो सपाट करून कपाळावर ठेवावयाचा व कडेनें रेघ ओढावयाची, तेवढी कातडी सोडवावयाची, परंतु दोन डोळ्यांच्या मधली एक चिंचोळी पट्टी न तोडतां राखावयाची, मग ती कातडी फिरवून खालीं आणून नाकाच्या जागीं जुळवावयाची आणि सांध्यावर पाण्यांत कालविलेल्या काताच्या पट्ट्या बसवावयाच्या. मधल्या पट्टींतून रक्त वाहत राहतें म्हणून नवें नाक जगतें. तें जागीं धरलें म्हणजे सुमारें पंचवीस दिवसांनीं ती पट्टी तोडावयाची. सगळ्या क्रियेचें मर्म त्या राखलेल्या पट्टींत आहे.

ही हकीकत वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू ह्या शस्त्रवैद्यानें ती क्रिया आधीं प्रेतांवर करून पाहिली, आणि १८१४ सालीं जिवंत रोग्यावर केली. म्हणजे छापील वर्णन हातीं असूनही तें हातांत उतरावयास वीस वर्षें लागलीं, कारण शेजारीं उभा राहून दाखविणारा कोणी नव्हता.

आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. सुश्रुतसंहितेंत नवें नाक करण्याचा विधि आहे, पण तेथें कातडी घ्यावयास सांगितली आहे ती गालाची. पुण्याच्या कारागिराच्या हातांत होती ती कपाळाची. ग्रंथ जेथें थांबला होता, तेथून हात पुढें गेला होता. खुद्द सुश्रुताला ह्याची जाणीव असावी. कारण त्यानें शिष्याच्या सरावासाठीं 'योग्यासूत्रीय' हा स्वतंत्र अध्याय लिहून कोहळा, दुध्या, काकडी ह्यांच्यावर छेद घेण्यास, कमळाच्या देंठांवर व मेलेल्या जनावरांच्या शिरांवर वेध करण्यास सांगितलें आहे. आणि सर्व शास्त्र पढलेला पण सराव न केलेला मनुष्य कर्मास अयोग्य होय, असा निर्वाळा दिला आहे. आमच्या पूर्वजांस सर्व कांहीं ठाऊक होतें अशी बढाई आम्हांस मारावयाची नाहीं. उलट आम्हांस खंत वाटते ती निराळीच. त्या हकीकतींत बैलवाल्याचें नांव आहे, दोघां डॉक्टरांचीं आहेत, चित्रकाराचें आहे. ज्यानें नाक केलें त्याचें नाहीं. त्याची विद्या घरच्या घरीं चालणारी. तिला शाळा नव्हती, बाहेरचा शिष्य नव्हता, आणि ती लिहून ठेवणारा जो मिळाला तो परका.

आतां ह्याच्या उलट चित्र पाहूं. नाकाच्या वाटेनें कवटीच्या तळाशीं जाऊन पीयूषिकेची गांठ काढण्याचा पहिला प्रयोग हर्मान श्लोफर ह्यानें १९०७ सालीं इन्सब्रुक येथें केला. पुढें अमेरिकेंत हार्वे कुशिंग ह्यानें १९१० पासून १९२५ पर्यंत अशा २३१ शस्त्रक्रिया केल्या, आणि त्या काळांत मृत्यूचें प्रमाण शेंकडा ५·६ इतकें खालीं ठेविलें. परंतु नंतर त्याच कुशिंगनें ही वाट सोडून दिली व तो कवटी उघडून वरून जाऊं लागला. एवढ्या मोठ्या आचार्यानें सोडलेली वाट कोण चालणार? जगभर ती ओस पडली. ती बुजली नाहीं ह्याचें श्रेय एका शिष्याला आहे. एडिंबरोचा नॉर्मन डॉट हा तरुण १९२३-२४ सालीं रॉकफेलर शिष्यवृत्तीवर कुशिंगपाशीं राहून ही क्रिया शिकला होता. गुरूनें ती टाकल्यावरही त्यानें ती आपल्या गांवीं चालू ठेविली. १९५६ सालीं फ्रान्सचा झेरार गिओ हा डॉटकडे गेला, त्याचें काम पाहून आला, आणि पॅरिसनजीक त्यानें ती पुन्हां रूढ केली. गिओपाशीं कॅनडाचा ज्यूल हार्डी शिकला. आणि १९६० नंतरच्या दशकांत त्यानें तिला सूक्ष्मदर्शकाची जोड दिली. तेथून ती पुन्हां जगभर पसरली. कुशिंगचे लेख सर्व ग्रंथालयांत होते. तरीही ह्या विद्येचा धागा तीस वर्षें टिकला तो डॉटच्या हातीं. आणि डॉट तेथें पोंचला तो एका वर्षाच्या शिष्यवृत्तीमुळें.

ह्या वाटेवर एक मोठा धोका होता. नाकांत जंतु नेहमींच असतात. नाक व मेंदू ह्यांमधला पडदा उघडला कीं मेंदूभोंवतालचें पाणी नाकावाटे गळूं लागतें, आणि त्याच वाटेनें जंतु वर चढून मेंदूच्या आवरणास दाह होतो. पेनिसिलीनसारखीं औषधें आल्यावर हा धोका बराच आटोक्यांत आला. आमच्या पिंपरीच्या वाचकांस येथें अभिमान वाटण्यास हरकत नाहीं. १९५४ सालीं पिंपरीस स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ह्या सरकारी कारखान्यानेंच भारतांत पेनिसिलीन मोठ्या प्रमाणावर तयार करण्यास आरंभ केला. परंतु गळती मुळांत औषधानें थांबत नाहीं. १९९० नंतरच्या दशकांत नाकांतून दुर्बीण घालून शस्त्रक्रिया होऊं लागल्या, तेव्हां तळाला पडणारें भोंक मोठें झालें आणि तें बुजवावयाचें कसें हा प्रश्न पुन्हां उभा राहिला. त्याचें चांगलें उत्तर २००६ सालीं प्रसिद्ध झालें. हदाद व बासागास्तेगी ह्या अर्जेंटिनाच्या शस्त्रवैद्यांनीं नाकाच्या मधल्या पडद्यावरचें अस्तर सोडवून, त्याची रक्तवाहिनी मात्र न तोडतां, तें फिरवून भोंकावर बसविण्याची रीत सांगितली. तिनें गळतीचें प्रमाण पुष्कळ उतरलें. वाचकांस ओळख पटली असेलच. कातडीच्या जागीं अस्तर आलें, कपाळाच्या जागीं नाकाचा पडदा आला. परंतु राखलेल्या पट्टीचें तत्त्व तेंच, पुण्याच्या त्या निनांवी माणसाच्या हातांत होतें तें.

विद्या शिकविली व लिहिली गेली म्हणजे काय होतें ह्याचें उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतही आहे. १९२६ सालीं सुरू झालेल्या मुंबईच्या के. ई. एम्. रुग्णालयांत डॉ. अतुल गोएल ह्यांनीं कवटीच्या तळाखालचे पहिले दोन मणके ढळले असतां ते पट्टी व स्क्रूंनीं जखडण्याची स्वतःची रीत काढली, आणि १९९४ सालीं डॉ. लाहेरी ह्यांच्यासह ती प्रसिद्ध केली. आज परदेशांतील शस्त्रवैद्य ती गोएल ह्यांच्या नांवानें ओळखतात. हें रुग्णालय कोणा धनिकाचें खाजगी नाहीं, महानगरपालिकेचें आहे, हें विशेष.

आतां तें दीड वर्ष कशांत जातें तें पाहूं. फेलो आरंभीं गुरूच्या शेजारीं उभा राहतो. दुपारीं शवविच्छेदनाच्या खोलींत कानामागचें हाड कोरण्याचा सराव करतो. मिनिटास साठ-सत्तर हजार फेरे घेणारें ड्रिल रोहिणीवरचें हाड अंड्याच्या टरफलाएवढें पातळ होईपर्यंत चालवावयाचें आणि तेथेंच थांबवावयाचें, हें बोटांस शिकवितो. मग त्यास वाट उघडण्यापुरतें काम मिळतें, मग गांठीचा सोपा भाग, आणि शेवटीं गुरु मागें उभा राहतो. नाक-कान-घशाचा शस्त्रवैद्य आणि मेंदूचा शस्त्रवैद्य ह्यांनीं एकाच वाटेंत चार हात कसे चालवावे, हेंही तेथेंच समजतें. सर्वांत अवघड विद्या म्हणजे कोठें थांबावें ही. गांठीचा एखादा तुकडा मज्जातंतूला चिकटलेला असतां तो तसाच सोडून देण्याचें शहाणपण पुस्तकांत एका ओळींत सांपडतें, पण तें अंगीं येतें ज्यानें सोडलें त्याला सोडतांना पाहून.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्याला हा विषय दूरचा नाहीं. हमरस्त्यावरील अपघातांत व कारखान्यांत उंचावरून पडून डोकीं फुटतात. कवटीचा तळ तडकून नाकावाटे पाणी गळणारा रोगी येथील रुग्णालयांस नवा नाहीं. पिंपरीस महानगरपालिकेचें यशवंतराव चव्हाण स्मृति रुग्णालय १९८९ पासून आहे, डॉ. डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय १९९६ पासून आहे. १९९८ सालीं स्थापन झालेलें नाशिकचें आरोग्य विज्ञान विद्यापीठ निरनिराळ्या विषयांतील फेलोशिपला मान्यता देतें. इमारती आहेत, यंत्रें विकत मिळतात. ज्याची खरी वाण पडते तो म्हणजे दीड वर्ष एका शिष्याला शेजारीं उभा करणारा, त्याच्या हळू हातापायीं स्वतःचा वेळ दुप्पट खर्चणारा गुरु. आणि तितके दिवस थोड्या विद्यावेतनावर राहणारा शिष्य. आपण दानशूर लोक दवाखान्याला पंखा देतों, खाट देतों, संगमरवरी पाटीवर नांव कोरवितों; एखाद्या फेलोच्या वर्षाचा खर्च उचलल्याचें मात्र क्वचितच ऐकूं येतें. डॉटची शिष्यवृत्ति कोणी दिली नसती तर काय झालें असतें, हा हिशेब प्रत्येक दात्यानें एकदां करून पाहावा.

असो. कार्तिकी एकादशीनंतर आम्ही पुन्हां त्या स्नेह्यांकडे गेलों आणि वरील हकीकत थोडक्यांत सांगितली. मग विचारलें, "आपण लेथवर हात बसविलात तो पुस्तक वाचून काय?" ते थोडे थांबले. म्हणाले, "नाहीं हो. आय. टी. आय. चें सर्टिफिकेट घेऊनच मी लागलों होतों. पण आमच्या मिस्त्रींनीं पहिले आठ महिने मला नुसतें शेजारीं उभें केलें. जॉबला हात लावूं देत नसत. आवाज ऐक म्हणत." आणि मग, चिरंजीव आंतल्या खोलींत आहेत हें पाहून, हलक्या आवाजांत पुढें म्हणाले, "त्या आठ महिन्यांत घरीं माझे वडीलही हेंच विचारीत होते."

चिरंजीव पौष महिन्यांत रुजू झाले. जातांना वडिलांनीं आपली जुनी मायक्रोमीटरची पेटी त्यांच्या सामानांत ठेविली असें आम्हांस मागाहून कळलें. ती तेथें कशाच्या उपयोगी, असें घरांत कोणीं विचारलें नाहीं.