उमेदवारी नाकारलेला सिनेटर : जेकब जॅव्हिट्स

१/ १९८० साली न्यूयॉर्कच्या रिपब्लिकन मतदारांनी २४ वर्षे सिनेटमध्ये असलेल्या आपल्याच नेत्याला उमेदवारी नाकारली. अमेरिकी कामगाराच्या निवृत्तिवेतनाला कायद्याचे कवच मिळवून देणारा हा नेता रिपब्लिकन होता, हे आज अनेकांना खरे वाटणार नाही. जेकब जॅव्हिट्स यांच्या कारकिर्दीवरील हा धागा.

२/ जन्म १९०४, मॅनहॅटनच्या लोअर ईस्ट साइड या दाटीच्या वस्तीत. आईवडील स्थलांतरित ज्यू. वडील इमारतींची देखभाल करीत, आई हातगाडीवर किरकोळ माल विके. शहरावर डेमोक्रॅटिक पक्षाच्या 'टॅमनी हॉल' यंत्रणेची पकड होती. तिचा भ्रष्टाचार जवळून पाहिलेला हा मुलगा पुढे रिपब्लिकन झाला.

३/ १९४६ मध्ये ते प्रतिनिधिगृहात निवडून आले. पुढच्याच वर्षी कामगार संघटनांच्या अधिकारांवर मर्यादा घालणारा टाफ्ट-हार्टली कायदा आला. पक्षाने तो प्रतिष्ठेचा केला होता; नवख्या जॅव्हिट्स यांनी विरोधात मत दिले.

४/ १९५७ पासून ते सिनेटमध्ये. १९६४ चे नागरी हक्क विधेयक दक्षिणेकडील डेमोक्रॅट सदस्यांनी लांबलचक भाषणांनी रोखून धरले. चर्चा थांबवण्यास ६७ मते हवी होती. १० जूनला ७१ मिळाली. त्यांतील २७ रिपब्लिकनांची. जॅव्हिट्स या लढ्यातील अग्रणींपैकी एक.

५/ त्याच उन्हाळ्यात पक्षाने विधेयकाविरुद्ध मत देणाऱ्या बॅरी गोल्डवॉटर यांना राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दिली. जॅव्हिट्स यांनी पाठिंबा नाकारला. १९६५ मध्ये सिनेटच्या इतिहासातील पहिल्या कृष्णवर्णीय 'पेज'ची, म्हणजे सभागृहातील किशोरवयीन मदतनीसाची, नेमणूक त्यांनीच केली.

६/ डिसेंबर १९६३ मध्ये साउथ बेंड येथील स्टुडबेकर मोटार कारखाना बंद पडला. निवृत्तिवेतन निधीत पुरेसा पैसा नव्हता. साठीच्या आतील सुमारे ४,००० पात्र कामगारांना हक्काच्या रकमेच्या जेमतेम १५ टक्के मिळाले. आणखी कित्येकांना काहीच नाही. आणि यात कोणताही कायदा मोडला गेला नव्हता!

७/ १९६७ मध्ये जॅव्हिट्स यांनी सुधारणेचे विधेयक मांडले. उद्योजकांना खर्चाची धास्ती होती, काही कामगार संघटनाही साशंक होत्या. डेमोक्रॅट हॅरिसन विल्यम्स यांच्या साथीने सात वर्षांनी 'एरिसा' कायदा झाला. २ सप्टेंबर १९७४ रोजी, कामगार दिनी, राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सही केली.

८/ ठरावीक सेवेनंतर निवृत्तिवेतनावर कामगाराचा पक्का हक्क, निधीत पुरेशी रक्कम ठेवण्याचे बंधन आणि योजना बुडाल्यास विम्याचे संरक्षण, ही त्याची मुख्य अंगे. एक मर्यादा मात्र राहिली : निवृत्तिवेतन योजना सुरू करण्याची सक्ती मालकावर नव्हती.

९/ चुकाही झाल्या. व्हिएतनाम युद्धाची वाट मोकळी करणाऱ्या १९६४ च्या टॉन्किन ठरावाला त्यांनीही मत दिले होते. नंतर त्यांनीच राष्ट्राध्यक्षांच्या युद्धाधिकारावर अंकुश आणणाऱ्या १९७३ च्या कायद्यासाठी पुढाकार घेतला. निक्सन यांचा नकाराधिकार डावलून तो संमत झाला.

१०/ १९८० पर्यंत पक्ष उजवीकडे सरकला होता. ७६ वर्षांच्या जॅव्हिट्स यांना स्नायू निकामी करणारा असाध्य आजार जडला होता. प्राथमिक फेरीत आल्फोन्स डमॅटो यांनी त्यांना हरवले. लिबरल पक्षाच्या उमेदवारीवर ते तरीही लढले; सुमारे ११ टक्के मते मिळाली, डमॅटो थोडक्यात जिंकले.

११/ १९८६ मध्ये जॅव्हिट्स यांचे निधन झाले. त्यांच्या विचाराचे रिपब्लिकन पुढे सिनेटमध्ये विरळ होत गेले. एरिसा कायदा मात्र आजही लागू आहे.