धूर कोठें गेला?

हायड्रोजन जळला म्हणजे धूर होत नाहीं, पाणी होतें. म्हणून देशानें तें इंधन स्वीकारावें, असा विचार आज प्रबळ आहे. मुंबईच्या उपनगरांनीं इंधनाचा असा पालट पूर्वीं एकदां पाहिलेला आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यास हिंदुस्थानांतील पहिली विजेची आगगाडी धावली. १९२८ च्या जानेवारींत कुलाब्याहून बोरिवलीसही विजेच्या गाड्या जाऊं लागल्या. मग कोळसा सुटला काय? खोपोलीस १९१५ पासून सह्याद्रीच्या पाण्यावर वीज होत होती, हें खरें. परंतु घाटकोपर-मुलुंडकडील मार्गासाठीं १९२९ मध्यें ठाकुर्लीस उभारलेलें वीजघर कोळशावरच चाले. तेथें धूर निमाला नाहीं, त्याचें केवळ स्थलांतर झालें.

हायड्रोजनची गोष्ट निराळी नाहीं. ट्रॉम्बेच्या खतकारखान्यांत अमोनियासाठीं तो दीर्घकाळ खनिज इंधनांतूनच काढला गेला. पाण्यांतून काढावयाचा तर किलोस सुमारें ५० युनिट वीज लागते. जानेवारी २०२३ मध्यें केंद्र सरकारनें मंजूर केलेल्या अभियानाचें उद्दिष्ट २०३० पर्यंत वर्षास ५० लाख टनांचें आहे. त्यास सुमारें २५,००० कोटी युनिट हवींत. तीं सूर्य, वारा वा पाणी यांपासून मिळालीं, तरच हा पालट खरा. एरव्हीं ठाकुर्लीचीच पुनरावृत्ति.