साइडबोर्ड आणि वाढणारे हात

नववीच्या वर्गात गुलामांच्या व्यापाराचा पाठ चालू होता. आमची शाळा उर्दू माध्यमाची. युरोपातून माल घेऊन जहाजे आफ्रिकेला जात, तिथून माणसे भरून कॅरिबियन बेटांवर, आणि तिथून साखर घेऊन परत. हा त्रिकोण मी फळ्यावर काढला. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "टीचर, एवढ्या पैशाचं त्यांनी केलं काय?" मी जहाजे, बँका, हवेल्या अशी यादी सांगितली. तो खाली बसला, पण त्याचे समाधान झाले नव्हते. खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते. यादी पाठ होते, डोळ्यांसमोर मात्र काही उभे राहत नाही. त्या पैशातून आलेली एखादी वस्तू दाखवावी म्हणून शोधू लागले, तेव्हा ती सापडली जेवणाच्या खोलीत. तिचे नाव साइडबोर्ड.

जेवणाच्या टेबलाजवळ भिंतीला लागून ठेवलेले, लांबट आणि साधारण कमरेइतक्या उंचीचे कपाट म्हणजे साइडबोर्ड. वर पदार्थांची भांडी मांडायची. आत बशा, सुऱ्या-काटे आणि टेबलावरच्या चादरी ठेवायच्या. जुन्या इंग्रजीत 'बोर्ड' म्हणजे फळी, आणि फळीचेच टेबलही. बाजूची फळी ती साइडबोर्ड, पेले मांडायची फळी ती कपबोर्ड. मध्ययुगात सरदारांच्या घरी अशा फळ्यांवर चांदीची भांडी रचून ठेवत. ती वापरण्यापेक्षा पाहुण्यांना दिसावीत हाच हेतू अधिक. दिखाव्याची सवय या वस्तूला जन्मापासूनच आहे.

तिने आजचा आकार घेतला तो अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये. १७६० नंतर रॉबर्ट ॲडम या वास्तुकाराने बड्या घरांत एक नवी मांडणी रूढ केली. भिंतीशी लांब टेबल, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन उभी चौकोनी कपाटे आणि त्यांवर लाकडी कलश. एखाद्या कपाटाला आतून पत्रा मारलेला असे, त्यात बशा गरम ठेवत. कलशात पाणी असे. जेवण चालू असतानाच चमचे धुऊन पुन्हा टेबलावर देता यावेत म्हणून. टेबलाखालच्या पेटीत बर्फ आणि मद्याच्या बाटल्या. बायका उठून गेल्या की पुरुष मंडळी पीत बसत. त्यांना बाहेर जाण्याचा त्रास नको म्हणून लघवीचे भांडेही याच कपाटात ठेवले जाई! १७८४ मध्ये इंग्लंडला आलेल्या एका फ्रेंच प्रवाशाने ही चाल नमूद करून ठेवली आहे.

बशा गरम करणारा, चमचे धुणारा, ते भांडे उचलून नेणारा कोण होता? सगळी रचना त्याच्याच हातांवर उभी होती. पण साइडबोर्डचे कौतुक करताना त्याचा उल्लेख होत नाही.

यॉर्कशायरमध्ये हेअरवुड हाऊस नावाची हवेली आहे. एडविन लॅसेल्स याने ती १७५९ मध्ये बांधायला घेतली. तिच्या जेवणाच्या खोलीसाठी टॉमस चिपेंडेलने १७७१ च्या सुमारास साइडबोर्डचा संच केला. शिसवी जातीचे गुलाबी-काळे लाकूड आणि त्यावर सोनेरी मुलाम्याचे पितळी काम. त्या काळच्या उत्तम फर्निचरमध्ये त्याची गणना होते. लॅसेल्स घराण्याचा पैसा आला होता बार्बाडोसची साखर, मळेवाल्यांना दिलेली कर्जे आणि गुलामांचा व्यापार यांतून. १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी रद्द ठरली, तेव्हा सरकारने दोन कोटी पौंड भरपाई दिली. ती गुलामांना नव्हे, मालकांना. हेअरवुडच्या अर्लला १,२०० हून अधिक माणसांच्या बदल्यात २६ हजारांहून अधिक पौंड मिळाले. त्या माणसांना एक पैसाही मिळाला नाही.

पैशाचे झाले, आता लाकडाचे. १७२१ च्या कायद्याने इंग्रजांच्या अमेरिकेतील वसाहतींमधून येणाऱ्या लाकडावरची जकात उठली आणि महोगनीचा ओघ लंडनकडे वळला. आधी जमैकातून, पुढे होंडुरासच्या किनाऱ्यावरून, म्हणजे आजच्या बेलिझमधून. तिथल्या जंगलात झाड हुडकणारा, उंचावरून दूरवरचा शेंडा ओळखणारा माणूस बहुधा आफ्रिकी गुलामच असे. उन्हाळ्यात बैल ओंडके नदीपर्यंत ओढत. दिवसाचा ताप सोसेना म्हणून हे काम रात्री मशालींच्या उजेडात चाले. मग पावसाच्या पुराबरोबर ओंडके समुद्राकडे निघत. बेलिझच्या झेंड्यावर आजही महोगनीचे झाड आणि दोन लाकूडतोडे आहेत. इतकी तोड झाली की २००३ पासून मोठ्या पानांच्या महोगनीच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय नियंत्रण आहे.

१७८८ मध्ये हेपलव्हाइटचे आणि १७९१ पासून शेरॅटनचे नमुन्यांचे पुस्तक छापले गेले. टेबल आणि कपाटे एकत्र आली, खण आले, आणि साइडबोर्ड मध्यम वर्गाच्या घरात शिरला. व्हिक्टोरिया राणीच्या काळात तो पुन्हा फुगला. त्यावर फळे, शिकारीचे पक्षी कोरले जाऊ लागले. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात मांडलेल्या केनिलवर्थ बुफेवर तर एलिझाबेथ राणीच्या १५७५ च्या भेटीचा देखावाच कोरलेला होता. याच शतकात मुंबईचे कारागीर शिसवी लाकडात साहेबी घाटाचे नक्षीदार फर्निचर घडवत होते. त्याला 'बॉम्बे ब्लॅकवुड' म्हणत.

दोन महायुद्धांनी घरातली नोकरमंडळी कमी केली. १९४२ मध्ये ब्रिटनने टंचाईमुळे साध्या, ठराविक नमुन्यांचे 'युटिलिटी' फर्निचर सुरू केले. ते कुपनावर मिळे. पहिला हक्क नवविवाहितांचा आणि बॉम्बहल्ल्यात घर गेलेल्यांचा. १९५० नंतर डेन्मार्कच्या आर्ने वॉडरसारख्यांनी सागवानी साइडबोर्ड केले. बारीक पाय, सरकती दारे, नक्षी नाही. पुसायला सोपे, कारण आता घरमालकीण स्वतःच पुसणार होती. आजच्या नव्या साइडबोर्डवर तर पुष्कळदा टीव्हीच बसलेला असतो.

मुंबईच्या चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर, जुने फर्निचर विकणारी दुकाने आहेत. साधारणपणे शंभर वर्षांहून जुने ते अँटिक, त्याअलीकडचे पण जुने ते व्हिंटेज. पारखी माणूस दर्शनी नक्षी पाहत नाही. खण बाहेर ओढून कोपऱ्यातला सांधा पाहतो. दात लहान-मोठे असतील तर काम हाताचे, अगदी एकसारखे असतील तर बहुधा यंत्राचे. मला ही रीत इतिहासालाही लागू वाटते.

आमच्या घरी साइडबोर्ड नव्हता. जमिनीवर दस्तरखान अंथरला जाई. एकाच ताटात सगळ्यांचे हात पडत, याचा आम्हाला अभिमान होता. पण रोटी गरम आणणारी अम्मी त्या ताटाला कधी आमच्याबरोबर बसल्याचे मला आठवत नाही. ती शेवटी, चुलीजवळ, उरलेले खाई. इंग्रजाच्या घरातला न दिसणारा माणूस शोधत मी इतकी लांब गेले, आणि आपल्या घरातला इतकी वर्षे दिसला नाही, याची लाज वाटली.

पुढच्या तासाला मी वर्गाला हेअरवुडची गोष्ट सांगितली. तोच मुलगा पुन्हा उभा राहिला. त्याचे वडील फर्निचरला पॉलिश करतात. "टीचर, आणि त्या सुताराला पैसे मिळाले का?" चिपेंडेलला बड्या गिऱ्हाइकांकडून पैसे वसूल करताना फार हेलपाटे घालावे लागत, हे मी सांगितले. तो क्षणभर थांबला, मग म्हणाला, "आणि पॉलिशवाल्याला?"

याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. मी म्हटले, "आज घरी अब्बांना विचारून ये. उद्याचा पाठ तू सांग."