न्यूटनचा जन्म नेमका कोणत्या वर्षी?

शाळेच्या फळ्यावर रोज सकाळी 'दिनविशेष' लिहिण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. आम्ही काही वर्षे तिला एका प्रश्नाची जोड दिली होती. प्रार्थना झाली की त्या दिवसाच्या जन्म-मृत्यूवर किंवा घटनेवर एक प्रश्न, बरोबर उत्तराला एक गुण आणि महिनाअखेरीस वर्गवार बेरीज. मुलांना हा खेळ आवडे. प्रश्न काढणेही सोपे. दिनविशेषाचे पुस्तक उघडले की काम झाले!

नाताळची सुट्टी असल्यामुळे २५ डिसेंबरचा प्रश्न आम्ही २४ तारखेलाच विचारला : 'गॅलिलिओ ज्या वर्षी वारला, त्याच वर्षी जन्मलेला थोर शास्त्रज्ञ कोणता?' उत्तर अर्थातच न्यूटन. हा योगायोग आम्ही इतक्या पुस्तकांत वाचला होता, की तो तपासावा असे कधी मनातही आले नाही. नववीतली एक मुलगी मात्र म्हणाली, "न्यूटन नाही. तो १६४३ मध्ये जन्मला." आम्ही तिला शून्य दिले आणि तिचा वर्ग त्या महिन्यात एका गुणाने मागे पडला. सुट्टीनंतर ती एक जाडजूड कोश घेऊन आली. त्यात न्यूटनची जन्मतारीख छापली होती ४ जानेवारी १६४३. आमच्या पुस्तकात होती २५ डिसेंबर १६४२.

दोन्ही तारखा बरोबर आहेत आणि त्या एकाच दिवसाच्या आहेत. ज्युलियस सीझरने इ.स.पू. ४५ पासून जी कालगणना सुरू केली, तिच्यात दर चौथे वर्ष लीप वर्ष, म्हणजे वर्षाची सरासरी लांबी ३६५ दिवस ६ तास. ऋतूंचे खरे वर्ष याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान असते. अकरा मिनिटे म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण साधारण १२८ वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. इ.स. ३२५ च्या सुमारास २१ मार्चला येणारा वसंतसंपात सोळाव्या शतकात ११ मार्चच्या आसपास येऊ लागला. ईस्टरचा सण या संपातावरून ठरतो, त्यामुळे चर्चला ही गोष्ट दृष्टिआड करता येईना. पोप तेराव्या ग्रेगरीने १५८२ मध्ये दहा दिवस गाळले. गुरुवार ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी शुक्रवार १५ ऑक्टोबर आला. वारांचा क्रम मात्र मोडला नाही, हे ध्यानात ठेवावे. पुढे ते उपयोगी पडणार आहे.

इटली, स्पेन, पोर्तुगाल यांनी नवी गणना लगेच स्वीकारली. प्रॉटेस्टंट इंग्लंडला पोपचे फर्मान मानवणारे नव्हते, मग त्यातले गणित कितीही बिनचूक असो. तिथे जुनी गणना १७५२ पर्यंत चालली. म्हणजे वूल्सथॉर्पमध्ये न्यूटन जन्मला तेव्हा गावात नाताळ होता आणि इटलीत जानेवारीची चार तारीख.

आता गॅलिलिओ. तो इटलीत ८ जानेवारी १६४२ रोजी वारला. ही तारीख नव्या गणनेची. दोघांना एकाच मापाने मोजून पाहू. नव्या गणनेने गॅलिलिओचा मृत्यू १६४२ मध्ये आणि न्यूटनचा जन्म १६४३ मध्ये. जुन्या गणनेने मृत्यू २९ डिसेंबर १६४१, जन्म २५ डिसेंबर १६४२. कोणतेही एक माप घ्या, वर्ष एक येत नाही! मृत्यू एका गणनेतून आणि जन्म दुसरीतून उचलला, तरच तो प्रसिद्ध योगायोग जुळतो. चूक आमच्या प्रश्नातच होती. तो गुण आम्ही जानेवारीच्या बेरजेत मिळवला. वर्गाचे म्हणणे असे, की तो डिसेंबरचाच आहे. आमच्याजवळ त्यावर उत्तर नव्हते.

२३ एप्रिलचा प्रश्नही असाच फसवा. शेक्सपियर आणि सर्व्हांटिस १६१६ मध्ये एकाच दिवशी वारले, असे सांगतात. पण स्पेनची तारीख नवी, इंग्लंडची जुनी. स्पेनच्या दिनदर्शिकेत शेक्सपियरचा मृत्यू ३ मे रोजी पडतो.

वरच्या वर्गांना न्यूटनच्या थडग्यावरचे आकडे द्यावेत. वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या लेखात जन्म २५ डिसेंबर १६४२ आणि मृत्यू २० मार्च १७२६ असा आहे. वजाबाकी केली तर वय ८३ भरते. प्रत्यक्षात तो ८४ वर्षे जगला. इंग्लंडमध्ये तेव्हा नवे वर्ष २५ मार्चला लागे. त्यामुळे आपल्या दृष्टीने १७२७ चा असलेला मार्च तिथे २४ तारखेपर्यंत १७२६ मध्येच मोडत असे.

हा घोळ आपल्या इतिहासातही शिरलेला आहे. सतराव्या शतकात सुरतेचे इंग्रज जुनी तारीख घालीत आणि गोव्याचे पोर्तुगीज नवी. एकाच दिवशी लिहिलेल्या दोन पत्रांवर दहा दिवसांचे अंतर दिसे. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख इंग्रजांच्या जुन्या गणनेची. आजच्या गणनेने तो दिवस १६ जून.

शिवजयंतीची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखही जुन्या गणनेचीच आहे. मूळ नोंद शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी. संगणकाला १९ फेब्रुवारी १६३० चा वार विचारला, तर तो बहुधा नवी गणना धरून मंगळवार सांगतो. १ मार्च विचारा, शुक्रवार मिळतो. चंद्रही तीच साक्ष देतो. वद्य तृतीयेच्या दहा दिवस आधी शुद्ध सप्तमी-अष्टमीच्या सुमारासची तिथी असणार, वद्य पक्ष नव्हेच.

म्हणून १९ फेब्रुवारीला आम्ही तारीख विचारणे सोडून दिले. प्रश्न असतो : त्या रात्री शिवनेरीवरून चंद्र केव्हा उगवताना दिसला असेल? तृतीयेवरून मुले हिशेब करतात आणि सूर्यास्तानंतर साधारण दोन तासांनी, असे सांगतात.