बाई, मग विजेवर का नाही?

परवा भाच्याबरोबर मोटारींचं दुकान बघून आले. मी 'दुकान' म्हटलं की तो हसतो. "मावशी, शोरूम म्हण." असो. शोरूम तर शोरूम. मी मुंबईत त्याच्याकडे आठ दिवसांसाठी गेले होते. रविवारी सकाळी तो म्हणाला, "चल, तुला एक गंमत दाखवतो. घ्यायची नाहीये, नुसती बघायची." बघायला पैसे पडत नाहीत, म्हणून मीही निघाले.

आत गेलो तर काचेच्या भिंती, गार हवा आणि मधोमध लाल रंगाची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी गाडी. एमजी सायबरस्टर तिचं नाव. माणसं दोनच बसणार, छप्पर कापडाचं, आणि दारं बाजूला न उघडता कोंबड्याने पंख उभारावेत तशी वर जातात. सगळी विजेवर चालणारी. तिथला पोरगेलासा मुलगा फार अदबीने माहिती सांगत होता. ५१० अश्वशक्ती, उभ्या जागेवरून ताशी १०० किलोमीटरचा वेग ३.२ सेकंदांत. २०२५ च्या जुलैत ही आपल्याकडे विक्रीला आली तेव्हा किंमत साधारण ७५ लाख होती. मी मनातल्या मनात हिशेब केला. पस्तीस वर्षांच्या नोकरीतला माझा सगळा पगार एकत्र केला तरी ही गाडी आली नसती!

"बसून बघा ना आजी," तो मुलगा म्हणाला. बसले. म्हणजे जवळजवळ पडलेच आत. बाहेर काढायला मात्र भाच्याचा आणि त्या मुलाचा असे दोन हात लागले. मी विचारलं, "चालू केल्यावर आवाज येत नाही?" तो म्हणाला, "नाही आजी, हीच तर गंमत. विजेची गाडी ही अगदी नवी गोष्ट आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांतली." मी मान डोलावली.

पण ते 'अगदी नवी गोष्ट' मनात अडकून बसलं, कारण असंच एक वाक्य मी स्वतः एकदा वर्गात उभी राहून बोलले होते.

गोष्ट १९७३ ची. मला नोकरी लागून सहा महिनेही झाले नव्हते. तालुक्याच्या गावची शाळा, आठवीचा वर्ग, विषय इतिहास. त्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा आवळला आणि पेट्रोल कडाडलं. नोव्हेंबरात वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले, तो फोटो वर्तमानपत्रात आला होता. मी तो कापून वर्गात नेला. तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर करून विचारलं, "बाई, मग मोटारी विजेवर का नाही चालवत?"

मी लहानपणी मुंबईला मावशीकडे यायचे तेव्हा ट्राममध्ये बसलेली होते. मुंबईची विजेची ट्राम १९०७ च्या मे महिन्यात सुरू झाली आणि ३१ मार्च १९६४ ला बंद पडली. त्या जोरावर मी ठणकावून सांगितलं, "अरे, विजेला तार लागते. ट्राम तारेला बांधलेली असते. मोटारीला काय गावोगाव तार बांधणार? असं कधी झालेलं नाही आणि होणारही नाही." वर्ग हसला. मुलगा खाली बसला. मला आठवतं तसं, नंतर वर्षभर त्याने काही विचारलं नाही.

मुंबईहून परत आल्यावर मी या विषयावर जे हाताला लागेल ते वाचत गेले. भाच्याने इंटरनेटवरून बरंच काही काढून दिलं. आणि वाचता वाचता कान लाल झाले. 'असं कधी झालेलं नाही' हे माझं वाक्य साफ चुकीचं होतं. मी ते बोलले त्याच्या पाऊणशे वर्षं आधी सगळं होऊन गेलेलं होतं!

मोटारींच्या वेगाचा पहिला अधिकृत विक्रम डिसेंबर १८९८ मध्ये पॅरिसजवळ झाला. काउंट शासलू-लोबा नावाच्या फ्रेंच सरदाराने ताशी सुमारे ६३ किलोमीटर वेगाने गाडी पळवली. ती गाडी विजेची होती. मग कामिय झेनात्झी नावाच्या बेल्जियन गृहस्थाने त्याला आव्हान दिलं आणि पुढचे चार महिने दोघे एकमेकांचे विक्रम मोडत राहिले. शेवटी २९ एप्रिल १८९९ रोजी आशेर इथे झेनात्झीने ताशी १०५.८८ किलोमीटर वेग गाठला. रस्त्यावरच्या गाडीने शंभरी ओलांडण्याची ही जगातली पहिलीच वेळ. त्याची गाडी तोफगोळ्यासारखी निमुळती होती, मागच्या चाकांना दोन विद्युत मोटरी आणि पोटात शिशाच्या बॅटऱ्या. आणि तार? कुठेही नव्हती! गाडीचं नाव होतं 'ला जामे कोंतांत', म्हणजे 'कधीच समाधानी नसणारी'. हा विक्रम तीन वर्षं टिकला. १९०२ मध्ये तो मोडला तोही पेट्रोलच्या नव्हे, वाफेच्या गाडीने.

म्हणजे त्या शोरूममधली लाल गाडी नवी खरी, पण तिची पणजी सव्वाशे वर्षांपूर्वी शर्यत मारून बसलेली आहे.

बरं, ही एका हौशी माणसाची करामत होती म्हणावं, तर तसंही नाही. अमेरिकेच्या १९०० च्या गणनेत तिथे वर्षभरात बनलेल्या मोटारींची नोंद आहे. एकूण ४१९२. त्यांत वाफेच्या १६८१, विजेच्या १५७५ आणि पेट्रोलच्या फक्त ९३६. त्या वर्षी कोणी पैज लावली असती तर पेट्रोलवर कोणी लावली असती?

मग पारडं फिरलं कसं? कारणं एकेक करून येत गेली. १९०१ मध्ये टेक्सासात स्पिंडलटॉपला तेलाची प्रचंड विहीर लागली. १९०८ मध्ये हेन्री फोर्डने मॉडेल टी काढली, ८५० डॉलरला, आणि पुढे १९२५ पर्यंत किंमत २६० डॉलरपर्यंत खाली आणली. विजेच्या गाड्या मात्र महागच राहिल्या. शहराबाहेर रस्ते झाले, लोकांना लांब जावंसं वाटू लागलं, आणि खेड्यापाड्यांत वीज नव्हती. पेट्रोल डब्यात भरून कुठेही नेता येतं, वीज नेता येत नाही.

यातली एक गोष्ट मला बाईमाणूस म्हणून फार लागली. पेट्रोलची गाडी सुरू करायला पुढे लोखंडी हँडल घालून जोरात फिरवावं लागे. उलटा झटका बसला तर मनगट मोडायचं. विजेच्या गाडीला हा त्रास नव्हता, म्हणून शहरातल्या बायका ती चालवत आणि कंपन्याही ती 'बायकांची गाडी' म्हणून खपवत. खुद्द हेन्री फोर्डची बायको क्लारा १९१४ ची डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवायची. ती गाडी आजही अमेरिकेत डिअरबॉर्नच्या फोर्ड संग्रहालयात आहे. नवरा जगाला पेट्रोलची गाडी विकतो आणि बायको विजेच्या गाडीतून फिरते! पण १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगने केलेला विजेचा स्टार्टर आला आणि हँडल गेलं. पेट्रोलच्या गाडीने विजेच्या गाडीला हरवलं ते एक छोटी विद्युत मोटर आणि बॅटरी उसनी घेऊन.

पुढे मधली साठ-सत्तर वर्षं विजेची गाडी जवळजवळ विस्मरणात गेली. माझी पाठ्यपुस्तकं त्या काळातली. त्यांत जिंकलेल्यांचाच इतिहास होता. हरलेली गोष्ट 'झालीच नव्हती' असं मी धरून चालले, आणि 'झाली नव्हती' म्हणजे 'होऊ शकत नाही' असं मुलांना सांगितलं. इतिहासाच्या शिक्षिकेने करू नये अशी हीच चूक.

हरलेली गोष्ट परत आली ती बॅटरीमुळे. लिथियम-आयन बॅटरी सोनी कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणली, ती कॅमेऱ्यासारख्या हातात धरायच्या वस्तूंसाठी. तिच्यावर काम केलेल्या तिघांना, गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना, २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. कॅलिफोर्नियातल्या टेस्ला कंपनीने लॅपटॉपमध्ये असतात तशा ६८३१ लहान बॅटऱ्या एकत्र जोडल्या, त्या इंग्लंडच्या लोटस गाडीवर बेतलेल्या सांगाड्यात बसवल्या आणि २००८ पासून रोडस्टर नावाची गाडी विकली. विजेची गाडी म्हणजे रडतखडत चालणारं खेळणं, हा समज तिने पुसला. आपल्याकडेही बंगळूरची छोटी रेवा २००१ मध्येच रस्त्यावर आली होती. लोक तिला हसले. लंडनमध्ये मात्र ती बरीच फिरली.

एमजी या नावाची कहाणीही अशीच वळणावळणाची. ऑक्सफर्डच्या 'मॉरिस गॅराजेस'ची ही आद्याक्षरं. विल्यम मॉरिसचा धंदा सायकलींपासून सुरू झालेला. त्याच्या गॅराजचा व्यवस्थापक सेसिल किंबर याने १९२० च्या दशकात साध्या मॉरिस गाड्यांना खेळकर रूप दिलं. १९८० मध्ये अ‍ॅबिंग्डनचा जुना कारखाना बंद पडला, २००५ मध्ये कंपनी बुडाली आणि नाव चिनी मालकांकडे गेलं. अष्टकोनी बिल्ला तेवढा तोच राहिला.

आता सगळं छान झालं असंही मी म्हणणार नाही. आपल्या देशात वीज अजून बहुतांशी कोळशातून येते. धूर रस्त्यावरून उठून दूर औष्णिक केंद्राच्या गावाकडे गेला, इतकंच आज तरी झालंय. यावर एखाद्या मुलाने प्रश्न विचारला तर मी यावेळी 'होणार नाही' म्हणणार नाही. 'बघू या, शोधू या' म्हणेन.

शोरूममधल्या त्या मुलाला मी काही बोलले नाही ते बरंच झालं. तो तरी काय चुकला? त्याला जे सांगितलं गेलं तेच त्याने मला सांगितलं. मीही तेच केलं होतं, आणि माझ्या हातात तर खडूही होता.

मागच्या बाकावरचा तो मुलगा आता साठी ओलांडून गेला असेल. कुठे आहे, काय करतो, ठाऊक नाही. पण बाळा, तुझा प्रश्न बरोबर होता. उत्तर चुकलं ते बाईंचं.