एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची

फोन घरीच ठेवून या, आपण निघालोय तिथं त्याचा काही उपयोग नाही. साल १९९३, पावसाळ्यातला शनिवार. तुम्ही सतरा वर्षांचे आहात आणि एल्फिन्स्टन रोडला पकडलेल्या चर्चगेट स्लोच्या दारात लटकताय. बाहेर पावसानं जरा उघडीप दिलीय, पण डब्यात ओल्या छत्र्यांचा, घामाचा आणि कुणाच्या तरी पिशवीतल्या सुक्या बोंबलांचा वास कोंडलाय. कमरेला वॉकमन, कानावर नारिंगी स्पंजचे हेडफोन. आतले पेन्सिल सेल शेवटच्या घटका मोजताहेत, त्यामुळे फीत मंदावलीय आणि गाणाऱ्याचा आवाज हळूहळू जाडा होत चाललाय. शेजारचे काका तुमच्या कानाशी वाकून विचारतात, "काय रे, आत भांडण लागलंय का?"

हसा, पण कॅसेट बंद करू नका. सेल संपायच्या आत बाजू पुरी व्हायला हवी.

चर्चगेटला इंडिकेटरखाली दादा उभा आहे. तुमच्याच चाळीतला, वरच्या मजल्यावरचा. वडील गिरणीत होते, संपानंतर घरीच. दादा फोर्टात नोकरीला लागला आणि पहिल्या काही पगारांतून त्यानं डबल डेकचा टेप घेतला. एका खाचेत असली कॅसेट, दुसऱ्या खाचेत कोरी. चाळीतली निम्मी पोरं त्या टेपच्या जिवावर इंग्रजी गाणी ऐकतात. नवा बँड कळायचा तो असाच, कुणाच्या तरी हातून. केबलवर एमटीव्ही दिसतो, पण केबल सगळ्यांच्या घरी नाही, आणि हवं ते गाणं हव्या त्या वेळी लागत नाही. दादानं दिलेली कॅसेट मात्र तुमची असते.

"चल, आधी काळा घोडा," दादा म्हणतो आणि लांब ढांगा टाकत सुटतो.

ऱ्हिदम हाउसचं दार ढकललंत की बाहेरचा दमट उकाडा मागं राहतो. समोर कॅसेटच्या रांगाच रांगा. ऐकण्यासाठी छोटी कोठडी आहे, तिच्यात शिरलात की आपलाच श्वास ऐकू येतो. तुम्ही एकेक मुखपृष्ठ उलटंपालटं करून बघता. निळ्या पाण्यात नोटेमागं पोहणारं तान्हं बाळ. तांबूस आभाळाखाली पांढऱ्या क्रुसांच्या रांगा. खिशातल्या पैशांत एकच कॅसेट बसते, म्हणून दहा वेळा उचलून ठेवून होते. शेवटी बाळाची घेता. नवी कॅसेट फोडल्यावर येणारा तो प्लॅस्टिक आणि शाईचा वास आत्ताच नीट भरून घ्या, कारण चार दिवसांनी ती कॉलेजात फिरायला लागली की आठ जणांच्या हातांनी परत येणार आहे.

तिथून फॅशन स्ट्रीटच्या फुटपाथवरून, काळे टी-शर्ट चाचपत, धोबीतलावला. क्यानीत शिरल्यावर ताज्या मावा केकचा आणि उकळलेल्या चहाचा वास येतो. टेबलाला कोपर लावाल तर जरा चिकटेल. दादा दोन बन मस्का सांगतो आणि शर्टाच्या खिशातून एक टीडीके नव्वद काढून तुमच्यापुढं ठेवतो. कोरी नाही, भरलेली. आतल्या कार्डावर निळ्या बॉलपेननं, बारीक अक्षरात, गाण्यांची नावं.

आता नीट लक्ष द्या. नव्वद मिनिटांची कॅसेट म्हणजे एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची. कुणाला कुठला बँड आधी द्यायचा, हे त्या पंचेचाळीस मिनिटांवर ठरतं. दादानं ए बाजूला ब्लॅक सॅबथचा 'पॅरानॉइड' भरलाय. १९७० चा अल्बम, बेचाळीस मिनिटांत संपतो, वर थोडी जागाही उरते.

"सुरुवात इथूनच करायची," दादा बोटानं टेबल ठोकत सांगतो. "बर्मिंगहॅमची पोरं आहेत. टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. कामाचा शेवटचा दिवस, आणि मशीननं उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं नेली. डावखुरा माणूस, म्हणजे तारा दाबायचा हातच तो. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं बनवली, वर चामडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या आणि वाजवत राहिला. नंतर तर तारा आणखी सैल सोडल्या. तो जड आवाज तिथून आलाय."

चहा निवतोय, पण तुमचं लक्ष कार्डावर. पहिलंच गाणं जवळजवळ आठ मिनिटांचं, भोंग्याच्या आवाजासकट. गिरणीच्या भोंग्यावर उठलेल्या घरात वाढलेल्या मुलाला तो आवाज परका वाटत नाही. मेटल म्हणजे परदेशी थेरं, असं म्हणणाऱ्यांना मी हेच गाणं ऐकवतो. कारखान्याच्या गावातून आलेलं संगीत आहे हे, आणि लालबाग-परळला ते समजायला दुभाषा लागत नाही.

बी बाजूला आयर्न मेडन, 'द नंबर ऑफ द बीस्ट'. एकोणचाळीस मिनिटं. ज्याला चाल लागते, गाणं गुणगुणता आलं पाहिजे असं वाटतं, त्याच्यासाठी मेडनइतका भला बँड नाही. दोन गिटारी एकाच चालीवर जोडीनं चढतात, खाली स्टीव्ह हॅरिसचा बेस घोड्याच्या टापांसारखा उधळतो, आणि वर ब्रूस डिकिन्सनचा गळा. मेडनबरोबरचा त्याचा हा पहिलाच अल्बम, तरी पहिल्या गाण्यापासून मालकी हक्कानं गातो.

"आणि मेटॅलिका?" तुम्ही विचारता. हा प्रश्न सगळेच विचारतात.

दादाचा चेहरा पडतो. "'मास्टर ऑफ पपेट्स' चोपन्न मिनिटांचा आहे रे. एका बाजूत बसत नाही." मग तो पिशवीतून दुसरी कॅसेट काढतो. भरलाय त्यानं, पण पंचेचाळीस मिनिटांना फीत संपते, आणि ती संपते नेमकी 'ओरायन'च्या मध्यावर. आठ मिनिटांचं, एकही शब्द नसलेलं ते गाणं. अर्ध्यात सगळी आदळआपट थांबते, क्लिफ बर्टनचा बेस एकटाच हळू चालू लागतो, आणि तिथंच टेपचं बटण खटकन वर येतं. कॅसेट उलटा, पुढचं बी बाजूला. वाजवणारा क्लिफ १९८६ साली स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला, वय चोवीस. दादा हे सांगताना बन खाली ठेवतो. जेम्स हेटफिल्डचा उजवा हात शीर्षकगीतात फक्त वरून खाली, वरून खाली कसा चालतो, हे तो चमच्यानं टेबलावर वाजवून दाखवतो. पलीकडच्या टेबलावरचे पारशी आजोबा वर्तमानपत्राआडून बघतात आणि पुन्हा वाचायला लागतात.

बाहेर एव्हाना गर्दी वाढलीय. सगळी एकाच दिशेनं, सेंट झेवियर्सच्या मागं, रंगभवनकडं. इंडिपेंडन्स रॉक आहे. बांद्र्याहून, डोंबिवलीहून, ठाण्याहून, पुण्याच्या गाडीनं आलेली पोरं, सगळी काळ्या टी-शर्टात, ओल्या केसांची. गेटवर रेटारेटी. कुणाचा तरी कोपर तुमच्या बरगडीत, कुणाची तरी चप्पल तुमच्या पायाखाली. आत वर उघडं आभाळ, खाली ओला चिखल, हवेत सिगारेटचा धूर, भिजलेल्या कपड्यांचा कुबट दर्प आणि स्पीकरची घुर्र. मग ड्रमचा पहिला ठोका पडतो आणि तो कानाआधी छातीत ऐकू येतो.

मंचावर आपल्याकडचीच पोरं. बरीचशी गाणी मेडनची, मेटॅलिकाची, कुणी धीर करून स्वतःचं एखादं वाजवतं. इथं मी त्या पोरांच्या बाजूनं आहे. चांगली गिटार मिळायची मारामार, सरावाला जागा नाही, आणि तरी हजारो माणसांसमोर उभं राहून ती आठ मिनिटांची गाणी एकही सूर न सांडता वाजवायची. चाल सुरू होते तशी गर्दी शब्दांआधी गिटारच गायला लागते, ओ ओ ओ करत. तुम्हाला शब्द येत नाहीत. चालतं. डोकं हलवा, पुढच्याच्या खांद्यावर हात टाका. तुम्ही पडलात तर चार अनोळखी हात तुम्हाला उचलून उभं करतात. मेटलच्या गर्दीचा हा कायदा आहे आणि तो इथं काटेकोर पाळला जातो.

मरीन लाइन्सवरून परतीची गाडी. कानात शिट्टी वाजतेय, मान वळत नाही. घरी आई काही न विचारता अमृतांजनची बाटली पुढं करते. अंथरुणावर पडून तुम्ही ती बाळाची कॅसेट लावता. निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड'. दिवसभर मेटल ऐकलेल्या कानांना आधी ते सोपं वाटतं, पोरकट वाटतं. मग तिसऱ्या गाण्याच्या सुमारास लक्षात येतं की इथं कुणी कसब दाखवायला उभंच नाही. हळू, जवळजवळ पुटपुटल्यासारखं, आणि मग एकदम घसा फाटेस्तोवर. ऑल्टरनेटिव्हचं दार हे. त्यातून आत गेलात की सियाटलचे बाकीचे भेटतात, आणि त्यात ॲलिस इन चेन्स माझा सर्वांत लाडका. लेन स्टेली आणि जेरी कॅन्ट्रेल दोघं मिळून गातात तेव्हा दोन आवाज इतके जवळ येतात की अंगावर काटा येतो, आणि खाली वाजतं ते पुन्हा सॅबथचंच जड, संथ घराणं. म्हणजे फिरून तुम्ही दादाच्या ए बाजूवरच आलात.

या आता परत. रंगभवनातले असे कार्यक्रम पुढं थांबले, आसपासच्या रुग्णालयांमुळे तो भाग शांतता क्षेत्रात आला. ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झालं. गाणी मात्र सगळी तुमच्या फोनमध्ये आहेत, आणि नव्यानं ऐकणाऱ्यासाठी माझी शिफारस दादाचीच. पहिल्या रात्री 'पॅरानॉइड', दुसऱ्या रात्री 'द नंबर ऑफ द बीस्ट', तिसऱ्या रात्री 'मास्टर ऑफ पपेट्स'. मग 'नेव्हरमाइंड', आणि जरा धीर आला की ॲलिस इन चेन्सचा 'डर्ट'. पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत, क्रम न बदलता, मध्ये काही न गाळता. आणि 'ओरायन' लागलं की हातातलं काम बाजूला ठेवा. आता ते मध्येच तुटत नाही, पूर्ण ऐका.